दुनळी आणि तीरकामठा : सातपुड्यातील हरणाच्या शिकारीचे कथन

हरणाच्या पाठलागासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. 'मृगया' राजाची, 'शिकार' बंदूकधाऱ्याची, आणि 'पारध' फासे, जाळी किंवा तीरकामठा बाळगणाऱ्याची. पहिल्या शब्दाला संस्कृत काव्याचे पाठबळ आहे. दुसऱ्याला, फारसीतून आल्यामुळे, आधी दरबारी व नंतर साहेबी प्रतिष्ठा लाभली. तिसऱ्याची व्युत्पत्ती कोशकार 'पापर्द्धि' अशी लावतात. म्हणजे पापाची भरभराट. 'शिकारी' हे विशेषण दीर्घकाळ कौतुकाने वापरले गेले. 'पारधी' हे मात्र जमातीचे नाव झाले, आणि १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत गुन्हेगार जमातींच्या कायद्याने त्या नावाच्या माणसांना जन्मतः संशयित ठरविले. शिकारीच्या वाङ्मयाचा विचार या शब्दभेदापासून सुरू व्हायला हवा; कारण कोणी मारले यापेक्षा मारल्याचे सांगण्याचा अधिकार कोणाला मिळाला, हा प्रश्न तेथे अधिक निर्णायक ठरतो.

तोरणमाळचा परिसर या दृष्टीने उद्बोधक आहे. नर्मदा आणि तापी यांच्या दरम्यान सातपुड्यात पसरलेले हे पठार अक्राणी तालुक्यात मोडते. भिल्ल आणि पावरा हे येथील मुख्य रहिवासी. १९०६ च्या विभागणीनंतर हा टापू पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आला. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला तो १८१८ मध्ये. डोंगरातील भिल्लांना केवळ फौजेच्या बळावर नमविणे जमेना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. धरणगाव हे तिचे ठाणे. गोल्डस्मिडने लिहिलेल्या आउट्रमच्या दोन खंडी चरित्रात (१८८०) शिकारीला केवळ करमणुकीचे स्थान नाही. साहेबाचे धाडस पाहून भिल्ल त्याच्याभोवती जमले, असे ते कथन आहे. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु त्याची रचना पाहण्याजोगी आहे: माग काढणारा, वाऱ्याची दिशा ओळखणारा, जनावर कोठे पाणी पिईल हे सांगणारा भिल्ल या कथेत साक्षीदार म्हणून उरतो. त्याचे ज्ञान साहेबाच्या शौर्याचा पुरावा बनते. विश्वासाची कथा ही येथे ताबा मिळविण्याचीही कथा आहे.

पुढे १८७८ या एकाच वर्षी दोन कायदे झाले. वनकायद्याने राखीव जंगलातील शिकार, मासेमारी आणि सापळे लावणे सरकारी नियमांच्या कक्षेत आणले. शस्त्रकायद्याने बंदूक बाळगण्यास परवाना आवश्यक केला. शस्त्रकायद्याच्या व्याख्येत तलवारी-भाल्यांबरोबर धनुष्यबाणाचाही स्पष्ट निर्देश होता. म्हणजे तीरकामठा शस्त्र म्हणून मोजला गेला, पण मालमत्ता म्हणून त्याची नोंद झाली नाही. बंदुकीची झाली. परवान्यावर धारकाचे नाव आले, बनावट आली, क्रमांक आला. संस्थानिक, जहागीरदार, इनामदार, वतनदार पाटील, वकील, सरकारी अधिकारी यांच्या घरांत आजोबांची दुनळी नातवापर्यंत पोचली ती या कागदाच्या आधारे. 'घराण्याची शिकारीची परंपरा' म्हणून जे सांगितले जाते, त्यातील बराचसा भाग जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत घडलेला आहे.

या परंपरेतून आलेल्या शिकारकथांची कथनरीती ठरीव आहे. बंदूक हे तिच्यातील एक पात्रच असते. तिचे कूळ, तिची नळी, तिचा दस्ता, विलायती घडणावळ यांवर निवेदक रेंगाळतो. मग हाका होतो. पन्नासेक माणसे पहाटेपासून काटेरी रान तुडवीत, डबे वाजवीत सांबर किंवा चितळ मचाणाच्या दिशेने रेटतात. हे तासन्‌तासांचे श्रम बहुधा एका वाक्यात संपतात, तेही कर्मणी किंवा भावे प्रयोगात: 'हाका उठविण्यात आला', 'माग काढला गेला'. बार मात्र कर्तरी प्रयोगात, प्रथमपुरुषी आणि सविस्तर. घटनेचा काळ आणि कथनाचा काळ यांच्यातील ही उलटापालट निव्वळ शैलीची बाब मानता येणार नाही. व्याकरणानेच येथे श्रमाची वाटणी केलेली आहे. शिकारीच्या 'शिस्ती'चेही तसेच. मादीवर वा पाडसावर गोळी झाडू नये, रात्री पाणवठ्यावर दबा धरू नये, हे नियम सभ्य शिकाऱ्याचे लक्षण मानले गेले. ते पोट भरण्यासाठी मारणाऱ्याला परवडणारे नव्हते. म्हणून तो आपोआप असभ्य ठरला.

अर्थात ही विषमता इंग्रजांनी शून्यातून निर्माण केली नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुणगान करतो, आणि दुष्यंताचा हरणामागचा पाठलाग प्रेमकथेचे दार उघडतो. मृगरूपातील ऋषीला मारणारा पांडू शापित होतो. पण तो शाप महाभारताच्या कथानकाला गती देतो, पांडूला कथेबाहेर टाकीत नाही. याउलट क्रौंचाला मारणाऱ्या निषादाच्या वाट्याला आदिकाव्याचा पहिला श्लोक येतो तो शाप म्हणून, आणि त्यानंतर निषाद नाहीसा होतो. हरीण समजून कृष्णाच्या पायात बाण मारणाऱ्या जरा व्याधाचीही तीच गत. राजाची चूक चरित्र घडविते. व्याधाची चूक प्रसंगापुरती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत याचा एक सुसंस्कृत प्रतिवाद दिसतो. व्यंकटेश माडगूळकर तारुण्यात बंदूक घेऊन हिंडले आणि पुढे निरीक्षणाकडे, रेखाटनांकडे वळले. 'सत्तांतर' (१९८२) मधील वानरांच्या टोळ्या या वळणाचे फळ. मारुती चितमपल्ली तर वनखात्यातून लेखनात आले. मराठी गद्याला या दोघांनी दिलेली रानाची भाषा अमोल आहे. तथापि बंदूक खाली ठेवण्याचे आख्यान हेही बंदूक असणाऱ्याचेच आख्यान असते. ज्याच्याकडून तीरकामठा काढून घेतला गेला, त्याच्या त्यागाला वाङ्मयीन मूल्य लाभत नाही. शहादा परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) हा संग्रह आला तेव्हा बोलणारा बदलला. मात्र समीक्षेने त्याची नोंद 'आदिवासी साहित्य' या वेगळ्या कप्प्यात केली, निसर्गलेखनाच्या चर्चेत नव्हे.

हरणाच्या बाजूने पाहता १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अपरिहार्य होता, यात संशय नाही. तीराने मेलेले चितळ गोळीने मेलेल्या चितळापेक्षा कमी मेलेले नसते. परंतु या कायद्यातही प्रारंभी परवान्याने शिकारीची वाट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. भिंतीवरची शिंगे व कातडी जाहीर करून मालकीचे प्रमाणपत्र घेण्याची सोय होती, आणि ती वारसाने पुढच्या पिढीकडे जाऊ शकतात. आदिवासींच्या शिकारीच्या हक्काचा अपवाद या कायद्याने केला तो फक्त निकोबार बेटांपुरता. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्कांची मोठी यादी मान्य केली. तिच्यातून शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. शस्त्रकायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला दोनच बंदुकांची मर्यादा घातली, तरी त्या मर्यादेत वडिलोपार्जित बंदुकीला जागा ठेवली. 'वारसा' हा शब्द कायद्याच्या भाषेत असा एका बाजूला उमटला.

काठीच्या राजवाडी होळीला आजही डोंगरातून माणसे येतात. त्यांच्या खांद्यावर तीरकामठे असतात, दोरीही बांबूच्याच सालीची. वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून येतात, तेव्हा खालच्या ओळीत या तीरकामठ्यांची गणना बहुधा पारंपरिक वेशभूषेत केलेली असते.