भातावरचे तुडतुडे: मोबाइलने ओळखा, फवारणीआधी मोजा

चांदीपसारख्या पालघर जिल्ह्यातल्या गावांत पावसाळ्यात भात लावतात. या भाताचा एक मोठा शत्रू म्हणजे तपकिरी तुडतुडा. पूर्ण वाढलेला कीटक जेमतेम ३ ते ४ मिलिमीटरचा असतो. तो आणि त्याची पिल्लं बुंध्यातून रस शोषतात. रोप पिवळं पडतं, मग वाळतं. शेतात जळाल्यासारखे गोल पट्टे दिसायला लागतात आणि ते पसरत जातात. पट्टे दिसले म्हणजे उशीर झालाय, असंच समजा.

फोटो कुठे काढायचा?

बांधावरून काढलेल्या फोटोत हा कीटक दिसतच नाही, कारण तो पाण्याच्या जरा वर, बुंध्याला चिकटून असतो.

१. खाचरात उतरा, चूड (एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका) हाताने बाजूला वाकवा.
२. टॉर्च लावा, कॅमेरा मॅक्रो मोडवर ठेवा, बुंध्यावर टॅप करून फोकस करा.
३. चूड हलकेच थोपटा. तुडतुडे उड्या मारतात किंवा पाण्यावर पडतात.
४. वेगवेगळ्या ठिकाणच्या २० चुडांवरचे तुडतुडे मोजा आणि सरासरी काढा.

अ‍ॅप किती कामाचं?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये नॅशनल पेस्ट सर्व्हेलन्स सिस्टिम, म्हणजे एनपीएसएस, सुरू केली. यात फोटोवरून एआय कीड ओळखतं. पण एका फोटोवरून ‘कोणती कीड’ एवढंच कळतं. शेतात ती किती आहे, हे तुम्हालाच मोजावं लागतं. आणि फवारायचं की नाही, हे त्या आकड्यावरच ठरतं.

आकडा आला, पुढे काय?

एका चुडावर सरासरी ५ ते १० तुडतुडे असतील, तर उपाय करायची वेळ आली. त्यापेक्षा कमी असतील तर:

• खाचरातलं पाणी ३-४ दिवस काढून टाका.
• युरिया थांबवा. जास्त नत्राने तुडतुडे वाढतात.
• कोळी दिसले तर आनंद माना. ते तुडतुडे खातात.

पातळी ओलांडली तर पायमेट्रोझिन किंवा डायनोटेफ्युरान यांसारखं शिफारशीतलं औषध, लेबलवरच्या प्रमाणातच घ्या. नोझल बुंध्याकडे ठेवा. मास्क, हातमोजे घाला.

भलतंच औषध का नको?

सायपरमेथ्रिनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं मारली की कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात. तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणाच्या आत सुरक्षित राहतात. आठवडाभरात नवी पिल्लं बाहेर येतात आणि त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. म्हणजे पैसे खर्च करून कीड वाढवल्यासारखंच! इंडोनेशियात हेच देशभर घडलं. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

पुढच्या हंगामासाठी

लावणी दाट करू नका. मध्ये ३० सेंटीमीटरचे मोकळे पट्टे सोडा, म्हणजे हवा खेळते आणि फवारणीही बुंध्यापर्यंत पोहोचते.

शंका असेल तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरवर मराठीत विचारा, किंवा डहाणूजवळच्या कोसबाड हिल इथल्या कृषी विज्ञान केंद्रात फोटो आणि तुमचा आकडा, दोन्ही दाखवा.