वसाहतोत्तर समीक्षा : मोजमाप कोणाचे?

इंग्रज १९४७ साली गेले, पण त्यांनी घालून दिलेली कितीतरी मोजमापे आजही आपल्या घरात, शाळेत आणि कचेरीत वापरात आहेत. चांगले शिक्षण कोणते, शुद्ध भाषा कोणती, कोणती कला उच्च आणि कोणती गावंढळ, हे ठरवताना आपण नकळत कोणाची फूटपट्टी हातात घेतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्या विचाराला ‘वसाहतोत्तर समीक्षा’ किंवा ‘उत्तर-वसाहतवादी समीक्षा’ म्हणतात. आपल्या घरांतील जी मुले-मुली बी.ए., एम.ए. करतात, त्यांच्या अभ्यासक्रमात हे शब्द हमखास येतात. मी वाणिज्य शाखेचा आणि आयुष्य बँकेत गेलेले. तेव्हा अवघड परिभाषेत न शिरता, बडोद्याच्या मराठी माणसाला ओळखीच्या वाटतील अशा उदाहरणांनी या विचारातील मुख्य संकल्पना येथे मांडतो.

१. प्राच्यवाद : ज्ञान आणि सत्ता

एडवर्ड सैद यांचा जन्म १९३५ साली जेरुसलेममध्ये झाला. पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक होते. (सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ साली गेले, तेच हे विद्यापीठ.) १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात सैद यांनी दाखवले की, पाश्चात्त्य अभ्यासकांनी ‘पूर्व’ नावाचे एक चित्र तयार केले. पूर्वेकडची माणसे भावनाप्रधान, आळशी, गूढ, न बदलणारी. पश्चिमेची विवेकी आणि प्रगत. एकदा हे चित्र पक्के झाले की, पूर्वेवर राज्य करणे हे जणू कर्तव्यच ठरते. माहिती गोळा करणे आणि सत्ता चालवणे ही कामे एकमेकांना धरून होतात, हे सैद यांच्या मांडणीचे सार.

आपल्याकडचे कठोर उदाहरण म्हणजे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सरकारी कागदावर नोंद झाली आणि सबंध जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण संशयाची नजर काही रद्द झाली नाही. ती नजर आता परक्याची राहिलेली नाही, आपली झाली आहे.

२. मनाची वसाहत

फ्रान्झ फॅनन हे मार्टिनिक बेटावर जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ. अल्जीरियातील रुग्णालयात त्यांनी काम केले आणि तेथील स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला. ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ या १९५२ च्या पुस्तकात ते म्हणतात की, राज्यकर्त्याची भाषा जितकी अस्खलित, तितकी आपली पत वाढली असे जिंकल्या गेलेल्या माणसाला वाटू लागते. आणि त्याच हिशेबात स्वतःची भाषा, रंग, घर यांची पत कमी होत जाते.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी हीच गोष्ट शाळेतून पाहिली. शाळेत मातृभाषेत बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या बसत, गळ्यात अपमानाची पाटी अडकवली जाई. न्गुगी इंग्रजीतील नावाजलेले कादंबरीकार होते, तरी पुढे त्यांनी आपल्या गिकुयू भाषेत लिहिण्याचा निर्णय घेतला. ‘डीकॉलनायझिंग द माइंड’ (१९८६) या पुस्तकात त्यामागची भूमिका आहे. त्यांच्या मते भाषा हे निरोप पोहोचवण्याचे साधन तर आहेच, शिवाय समाजाची आठवण तिच्यातच साठलेली असते.

बडोद्यात या प्रश्नाची जाण फार आधीपासून होती. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश १९३१ साली तयार करून घेतला. त्यात इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी व बंगाली प्रतिशब्द दिले आहेत. कायदा आणि कारभार आपल्या भाषांत चालू शकतो, हा विश्वास त्या कोशामागे होता.

३. विस्मरण

मेकॉले यांचा शिक्षणविषयक खलिता १८३५ चा. आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही असे त्यांनी त्यातच लिहिले आहे, आणि तरीही युरोपीय ग्रंथालयाचे एक कपाट पौर्वात्य साहित्यापेक्षा मोलाचे, असा निकाल दिला आहे.

अनेक वर्षे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या गणेश देवी यांनी ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ (१९९२) या पुस्तकात अशा शिक्षणाचा परिणाम तपासला आहे. आपल्या सुशिक्षितांना एका बाजूला प्राचीन संस्कृत आठवते, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मधली कित्येक शतके, म्हणजे ज्ञानेश्वरांपासूनची देशी भाषांची समृद्ध परंपरा, साहित्यविचारातून गळून जाते. याला ते सांस्कृतिक विस्मरण म्हणतात. त्यांनी बडोद्यात स्थापन केलेल्या ‘भाषा’ संस्थेने २०१० पासून देशातील भाषांचे लोकसर्वेक्षण केले, त्यात सुमारे ७८० भाषांची नोंद झाली.

मराठीत भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेला देशीवाद याच वाटेवरचा. कोणतेही साहित्य आपल्या मातीतून, आपल्या परंपरेतून उगवते आणि त्याची पारखही तेथीलच निकषांनी व्हावी, असा त्यांचा आग्रह आहे.

४. अनुकरण आणि संकर

होमी भाभा मुंबईत जन्मलेले. ‘द लोकेशन ऑफ कल्चर’ (१९९४) मध्ये त्यांनी एक वेगळी बाजू दाखवली. राज्यकर्त्याला आपली नक्कल करणारी प्रजा हवी असते, पण पूर्ण आपल्यासारखी नको असते. या नकलेतच थोडी थट्टा आणि थोडा धोका दडलेला असतो. दोन संस्कृती भेटल्या की तिसरेच काहीतरी जन्माला येते. त्याला ते संकर म्हणतात.

राजा रविवर्म्यांची चित्रे आठवा. तैलरंगांचे तंत्र युरोपचे, विषय पुराणांतले. सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी पौराणिक विषयांवर चित्रे काढली. पुढे १८९४ साली मुंबईत छापखाना काढून त्यांनी लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी घरोघर पोहोचवल्या. आज आपल्या देवघरातील लक्ष्मी मनात आणली तर बहुधा तीच डोळ्यांसमोर येते. तिला परकी म्हणायची कोणाची तयारी आहे? शुद्ध देशी आणि शुद्ध विदेशी असे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत, हे यातून कळते.

५. ज्यांचा आवाज ऐकू येत नाही

रणजित गुहा यांच्या संपादनाखाली १९८२ पासून ‘सबाल्टर्न स्टडीज’चे खंड निघू लागले. शेतकरी, आदिवासी, मजूर यांचा इतिहास साहेब आणि पुढारी या दोघांच्याही कागदपत्रांत हरवतो, ही त्यांची तक्रार. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ च्या प्रसिद्ध निबंधात प्रश्न विचारला की, अशा वंचितांना बोलता तरी येते का? सतीच्या प्रथेवर इंग्रज अधिकारी बोलले, सनातनी पुरुषही बोलले. त्या बाईचे म्हणणे मात्र कोणत्याच दप्तरात सापडत नाही.

मराठीत अशा काही आवाजांनी स्वतःच लेखणी उचलली, हे आपले भाग्य. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ चे आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे आहे. गुन्हेगारीचा शिक्का बसलेल्या जमातीतील माणसाने आपली कहाणी आपल्या बोलीत सांगितली.

एक महत्त्वाचा आक्षेप

सगळा दोष इंग्रजांच्या खाती टाकला की आपले खाते आपोआप कोरे होते, ही सोय या विचारात काहींना दिसते. ती घेता येणार नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले, ते मुख्यतः देशी गुलामगिरीविषयी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सरकारलाही सुनावले, पण तक्रार अशी की, उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर पैसा जातो आणि शूद्रांच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण उपाशी राहते. १९१७ साली कोलंबियातून शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना आपल्या याच बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. ती नाकारणारे इंग्रज नव्हते. देशी परंपरेचा अभिमान बाळगताना तिच्यातील उतरंडही जमेस धरावी लागते.

आपल्यापुरते

आता आपल्या भाषेचे पाहू. प्रमाण मराठी म्हणून आपण जिच्यापुढे मान तुकवतो, तिच्या घडणीत मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या कोशाचा आणि मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली झालेल्या शालेय पुस्तकांचा मोठा वाटा आहे. मराठीतील विरामचिन्हेही कँडी यांनीच रुळवली. त्यांच्या हाताखाली काम करणारे शास्त्रीपंडित होते, आणि पुणेरी वळण हेच प्रमाण ठरत गेले. या कामाचे मोल मोठे आहे. पण ही फूटपट्टी आकाशातून पडलेली नाही, एका काळी काही विशिष्ट माणसांनी ती तयार केली.

म्हणून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर ‘मला फावेल’ म्हणताना आपल्या नातवंडांनी ओशाळण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारात राहून आलेले ते वळण आहे. प्रमाण मराठी त्यांनी जरूर शिकावी, इंग्रजीही उत्तम शिकावी. फुल्यांनी आणि आंबेडकरांनी इंग्रजी विद्येचा केवढा उपयोग केला! मात्र शाळेतून आलेले मूल आजीशी मराठीत बोलायला लाजू लागले, तर ती लाज कोठून आली हे घरातल्या मोठ्यांनी विचारायला हवे. तसेच आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या बोलीला आपणच हसत असू, तर तेही. फूटपट्टी दुसऱ्याने आपल्याला लावली तर टोचते. आपण ती कोणाला लावतो, हे पाहिल्याशिवाय या अभ्यासाचा उपयोग नाही.