बधिर हाताचा इतिहास : कुष्ठरोग आणि श्वॉन पेशी

१/ पनवेलच्या खांदा कॉलनीतील अनेकांना तालुक्यातील नेरे येथील ‘शांतिवन’ ठाऊक असते. कुष्ठरोग निवारण समितीच्या या वसाहतीचा इतिहास करुणेचा म्हणून सांगितला जातो. त्याला जोडून असलेला दुसरा इतिहास सूक्ष्मदर्शकाखाली घडला. 🧵

२/ १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू ओळखला. रोग दैवी शाप नसून संसर्ग आहे, हे कळूनही भीती ओसरली नाही. १८९० मध्ये माटुंग्याला निराधार रुग्णांसाठी आश्रम उघडला (आजचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय). १८९८ च्या कायद्याने तर निराधार रुग्णाला डांबून ठेवण्याची मुभाच दिली.

३/ लोकसमजूत अशी की कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’. वस्तुतः ती झडत नाहीत. चेतातंतू निकामी होऊन हात बधिर होतो. चटका, काटा, जखम जाणवतच नाही. दुर्लक्षित जखमा चिघळून बोटे आखडतात, झिजतात.

४/ हा जंतू चेतातंतूंभोवतीच्या श्वॉन पेशींत घर करतो. या ग्लिअल, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी. हातापायांच्या तंतूंवर मायलिनचे आवरण त्याच चढवतात. आवरण गेले की संदेश मंदावतो. पुढे तंतूही मरतो.

५/ मुंबईचे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया रुग्णांचे वाकडे हात, बसलेली नाके दुरुस्त करीत. परंतु मूळ बिघाड चेतातंतूत होता. म्हणून त्यांनी स्थापलेल्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’मध्ये डॉ. वनजा शेट्टी आदींनी वर्षानुवर्षे कुष्ठरोगातील चेतातंतूंचाच अभ्यास केला.

६/ १९७७ मध्ये ब्रिटनच्या ब्लेकमोर यांनी प्राण्यांवरील प्रयोगात दाखवले, की प्रत्यारोपित श्वॉन पेशी मज्जारज्जूतही नवे मायलिन चढवतात. ग्लिअल पेशी-उपचारांची आशा अशा प्रयोगांतून रुजली. २०१३ मध्ये एडिनबराच्या संशोधकांना उंदरांच्या पेशींत आढळले, की कुष्ठजंतू श्वॉन पेशींचे रूपांतर मूळपेशींसारख्या पेशींत करतो. ज्या पेशीवर दुरुस्तीची भिस्त, तिलाच जंतू आपले वाहन करतो!

७/ १९८१ पासूनच्या बहुऔषधी उपचाराने जंतू मरतो, रोग बरा होतो. पण मेलेला तंतू परतत नाही, आणि कुष्ठरुग्णांसाठी मायलिन परत चढवणारा पेशी-उपचार आजही प्रचलित नाही. १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले.

८/ म्हणून आजही सर्वांत मोठे औषध एकच : लवकर निदान. त्वचेवर बधिर चट्टा दिसला, तर तो लपवू नये. शतकभर माणसे लपवली गेली. त्याची किंमत त्यांच्या हातांनी मोजली.