अर्धसमूहवलयें व एक गळालेलें पद

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत बीजगणिताचा विषय पाहून कित्येक वाचक पान उलटतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि ज्यांनीं जुनीं बाडें हाताळलीं आहेत त्यांस त्रुटित पोथीचा अनुभव नवा नाहीं. पोथींत पान नाहीं एवढ्यावरूनच तिची योग्यता ठरत नाहीं. कोणतें पान नाहीं, आणि उरलेल्या पानांवरून त्याच्या अस्तित्वाची साक्ष मिळते कीं काय, हें पाहावें लागतें. बीजगणिताच्या एका शाखेंत गेल्या दीडशें वर्षांत हाच विवेक करावा लागला. तिचा इतिहास बहुधा एका चुटक्याच्या आधारें सांगण्यांत येतो. आम्हीं तो कागदांच्या आधारें पाहण्याचें योजिलें आहे.

आरंभ नाण्यांपासून करूं. तीन व पांच किंमतीचीं दोनच नाणीं चलनांत आहेत आणि दुकानदार बाकी परत देत नाहीं, असें समजावें. मग ३, ५, ६, ८, ९, १० या रकमा चुकत्या करतां येतात. ८ पासून पुढची प्रत्येक रक्कम साधते. परंतु १, २, ४ व ७ या कधींच साधत नाहींत. साधणाऱ्या रकमांच्या या समुदायांत, शून्य धरून, कोणत्याहि दोहोंची बेरीज समुदायांतच राहते, वजाबाकीची मात्र हमी नाहीं. अशा समुदायास अर्धसमूह म्हणतात. आतां य हें एक अक्षर घेऊन त्याचे साधणाऱ्या रकमांइतकेच घात वापरण्याची परवानगी दिली, तर त्या घातांपासून होणाऱ्या बहुपदींचें जें जग बनतें तें अर्धसमूहवलय होय. गुणाकाराचा क्रम येथें कसाहि घेतला तरी चालतो, म्हणून तें क्रमनिरपेक्ष.

येथें आमच्यांतील कोणी अभिमानी गृहस्थ कुट्टकाचें नांव घेतील. आर्यभटानें इ. स. ४९९ त, ब्रह्मगुप्तानें ६२८ त व भास्कराचार्यानें ११५० च्या सुमारास कुट्टकाचा विचार केला, हें निर्विवाद आहे. परंतु कुट्टकांत वजाबाकीस मोकळीक असते. दोन संख्यांस साधारण विभाजक नसला कीं कुट्टकानें कोणतीहि संख्या साधते, म्हणून तेथें त्रुटि उत्पन्नच होत नाहीं. प्रस्तुत शास्त्र तर त्रुटींचेंच शास्त्र आहे. नसलेलें मूळ आपल्याकडे ओढून घेतल्यानें भास्कराचार्याची थोरवी वाढत नाहीं.

दोन नाण्यांनीं किती रकमा साधत नाहींत हा प्रश्न सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञानें १८८४ सालीं 'एज्युकेशनल टाइम्स' या पत्रांत कोडें म्हणून घातला. नाणीं अ व ब असून त्यांस साधारण विभाजक नसेल, तर न साधणाऱ्या रकमा (अ−१)(ब−१)÷२ इतक्या असतात. आपल्या उदाहरणांत त्या चार. त्यांतील सर्वांत मोठी रक्कम अब−अ−ब, म्हणजे ७. सर्वांत मोठी न साधणारी रक्कम शोधण्याच्या या प्रश्नाला आज फ्रोबेनियसचें नांव आहे. त्याचा आधार पाहूं जातां एवढाच मिळतो कीं, फ्रोबेनियस आपल्या व्याख्यानांत या प्रश्नाचा उल्लेख करीत असे, असें आल्फ्रेड ब्राउअर यानें १९४२ सालीं लिहिलें. फ्रोबेनियस १९१७ सालीं वारला होता. म्हणजे नामकरण कर्णोपकर्णीं आलेलें आहे.

अशीच, पण अधिक गाजलेली, कर्णोपकर्णी कथा गॉर्डान व हिल्बर्ट यांची. एर्लांगेनच्या पॉल गॉर्डानानें १८६८ सालीं एका वर्गापुरतें असें सिद्ध केलें कीं, त्यांतील अगणित अपरिवर्त्य राशि मोजक्याच मूळ राशींपासून उत्पन्न होतात. त्याची रीत प्रत्यक्ष हिशेबाची होती. डेव्हिड हिल्बर्टानें १८८८ पासून हाच सिद्धांत सर्वत्र लागू करून दाखविला, पण मूळ राशि कोणत्या हें न सांगतां. तेव्हां गॉर्डान उद्गारला म्हणतात कीं, हें गणित नव्हे, हें ईश्वरशास्त्र आहे. हें वाक्य प्रत्येक ग्रंथांत आढळतें. परंतु छापील आधार मॅक्स नोएदर यानें १९१४ सालीं लिहिलेल्या मृत्युलेखाच्या मागें जात नाहीं. गॉर्डान १९१२ सालीं वारला. नोएदर हा त्याचा जवळचा सहकारी, म्हणून त्याची साक्ष आम्ही टाकाऊ समजत नाहीं. पण सव्वीस वर्षांनंतरच्या आठवणीस समकालीन पत्राचा मान देतां येत नाहीं. उलट गॉर्डानाचे स्वतःचे निबंध आपल्यासमोर आहेत. १८७३ च्या निबंधाशीं त्याच्या नांवाचा जो सिद्धांत जोडला जातो तो असा कीं, एकघाती समीकरणांचीं ऋण नसलेलीं पूर्णांकी उत्तरें मोजक्या उत्तरांच्या बेरजांनीं मिळतात. अर्धसमूहवलयांच्या सर्व विचाराचा पाया हाच. आणि १८९९ सालीं त्यानें हिल्बर्टाच्याच सिद्धांताची नवी सिद्धता प्रसिद्ध केली, तीहि एकपदींच्या घातांचा विचार करून. ज्यास ईश्वरशास्त्र म्हटलें त्याचीच सोपी टीका लिहिणारा मनुष्य चुटक्यांतल्या गॉर्डानाहून फार निराळा आहे.

हिल्बर्टाच्या १८९० च्या निबंधांत दुसराहि एक सिद्धांत आहे, आणि आमच्या विषयास तोच अधिक जवळचा. मूळ राशींमध्यें परस्परसंबंध असतात. त्या संबंधांमध्येंहि पुन्हा संबंध असतात. या संबंधांस सिल्व्हेस्टरानें 'सिझिजी' हा ज्योतिषांतला शब्द योजिला. अमावास्या व पौर्णिमा या चंद्रसूर्यांच्या सिझिजी होत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जूं, आणि आपला 'युग' शब्द त्याचाच सगोत्र आहे. हिल्बर्टानें दाखविलें कीं, न अक्षरांच्या मोकळ्या बहुपदींत ही संबंधांची वंशावळ फार तर न पिढ्यांत संपते. पुढें १९५६ च्या सुमारास ऑसलांडर, बुक्सबाउम व सेर यांनीं याचा व्यत्यासहि सिद्ध केला: स्थानिक वलयांत ज्याच्या सर्व वंशावळी संपतात तेंच वलय नियमित. आपल्या प्रकारच्या अर्धसमूहांत याचा अर्थ सरळ होतो. प्रत्येक रक्कम एकाच रीतीनें फोडतां येत असेल तरच वलय नियमित. तीन-पांच नाण्यांत १५ ही रक्कम तीनाचीं पांच नाणीं देऊनहि फेडतां येते व पांचाचीं तीन देऊनहि. म्हणून तें वलय नियमित नाहीं, आणि मूळबिंदूशीं तेथील वंशावळ पहिल्या पिढीनंतर दोन, दोन, दोन अशी अखंड चालूं राहते.

नियमितपणा हा दुर्मिळच. मग त्याच्या खालची पायरी कोणती? येथें गळालेलें पद येतें. फ्रान्सिस सॉअरबी मॅकॉले (१८६२–१९३७) हा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंत १९११ पर्यंत शिक्षक होता. आपल्या इंग्रजी शिक्षणाचा धोरणकर्ता मेकॉले तो हा नव्हे. त्यानें १९१६ सालीं केंब्रिजच्या मालेंत एक लहानसें पण अतिशय कठीण पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या नांवानें आज ओळखल्या जाणाऱ्या वक्राचा अर्धसमूह दोन रकान्यांच्या नोंदींनीं लिहितां येतो: (४,०), (३,१), (१,३), (०,४). मधली (२,२) ही नोंद गाळलेली आहे. या चार नोंदींच्या बेरजा करीत गेलें तर आठ बेरजेच्या सर्व नोंदी मिळतात, बाराच्याहि मिळतात, आणि पुढें कोठेंच उणीव राहत नाहीं. संपूर्ण बाडांत एकच पान नाहीं!

पण त्या पानाची साक्ष दोन्ही टोकांकडून मिळते. (२,२) मध्यें (४,०) मिळवा, (६,२) होते, ती बाडांत आहे. (०,४) मिळवा, (२,६) होते, तीहि आहे. दोन्ही टोकांच्या नोंदी जिची ग्वाही देतात ती नोंदच दप्तरांत नसणें, हा दोष मोठा आहे, व तो वंशावळींत उघड दिसतो. चार मूळ नोंदींत चार संबंध, त्या संबंधांत पुन्हा चार, आणि त्यांतहि एक: तीन पिढ्या. निर्दोष असतें तर दोहोंत संपतें. गाळलेलें पद परत घातलें तर मूळ नोंदी पांच होतात, आणि वंशावळ सहा, आठ, तीन अशी तीनच पिढ्यांत, म्हणजे तेथें अपेक्षित तितक्यांतच, संपते. निर्दोष प्रकारच्या वलयांस आज कोहेन–मॅकॉले म्हणतात. कोहेनचा निबंध १९४६ चा.

याउलट तीन-पांच नाण्यांत चार रकमा गळालेल्या असूनहि हा दोष नाहीं. एका रकान्याच्या हिशेबांत दुसरें टोकच नसल्यामुळें अशी दुहेरी साक्ष उभी राहत नाहीं. इतकेंच नव्हे, तेथल्या त्रुटींत एक विलक्षण शिस्त आहे. कोणतीहि पूर्णांकी रक्कम घेऊन ती ७ मधून वजा करा. मूळ रक्कम व बाकी या दोहोंपैकीं एक नेमकी साधते, दुसरी साधत नाहीं. ० साधतो, ७ नाहीं. ३ साधतो, ४ नाहीं. एर्न्स्ट कुन्झ यानें १९७० सालीं दाखविलें कीं, ही सममिति असेल तेव्हां, आणि तेव्हांच, वलय गोरेनस्टाइन या अधिक वरच्या वर्गांत बसतें. ३, ४, ५ अशीं तीन नाणीं घेतलीं तर १ व २ एवढ्याच रकमा गळतात. सर्वांत मोठी २, तिच्यांतून १ काढला तर पुन्हा १. सममिति मोडली. थोड्या त्रुटींचें बाड वाईट ठरलें व जास्तींचें चांगलें! त्याच वर्षीं हेर्झोगानें तीन नाण्यांच्या अर्धसमूहांत दोन किंवा तीनच मूळ संबंध लागतात, आणि सममिति असेल तेव्हां दोन पुरतात, हें सिद्ध केलें. तो निबंध ज्या नियतकालिकांत आला त्याचें नांव 'मॅनुस्क्रिप्टा मॅथेमॅटिका', म्हणजे गणिताचीं हस्तलिखितें. आमच्या वाचकांस हें आवडावें.

दोन वर्षांनीं, १९७२ त, मेल्विन हॉक्स्टर यानें 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स' मध्यें या विषयांतला मुख्य सिद्धांत दिला. बाडांतील नोंदींच्या वजाबाकीनें मिळणारी एखादी नोंद स्वतः बाडांत नसून तिची दुप्पट, तिप्पट किंवा असा कोणताहि पट बाडांत असणें, असें जेथें कधींच घडत नाहीं, तें वलय कोहेन–मॅकॉलेच असतें. मॅकॉलेची (२,२) या कसोटीस उतरत नाहीं: (४,०) व (१,३) यांच्या बेरजेंतून (३,१) वजा केल्यास ती मिळते, तिची दुप्पट (४,४) बाडांत आहे, ती स्वतः नाहीं. मात्र कसोटीस न उतरणारें प्रत्येक बाड सदोषच, असें हॉक्स्टर म्हणत नाहीं; आपलीं तीन-पांच नाणीं त्याचें उदाहरण. हा भेद कांहीं लेखक विसरतात.

उरलेल्या बाडांचा निवाडा हनोईच्या न्गो व्हिएत त्रुंग व ले तुआन होआ यांनीं १९८६ सालीं केला. त्यांच्या कसोटीचीं अंगें दोन: मॅकॉलेच्या (२,२) सारखी साक्षीची त्रुटि नसावी, आणि अर्धसमूहाच्या शंकूच्या बाजूंपासून बनणाऱ्या आकृतींत ठराविक जातीचें छिद्र नसावें. दुसऱ्या अंगामुळें एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. बहुपदींचे गुणक ज्या संख्याक्षेत्रांतून घ्यावयाचे त्याच्या जातीवर निर्णय अवलंबून राहूं शकतो: तेंच बाड, त्याच नोंदी, तेंच गळालेलें पद, एका क्षेत्रांत निर्दोष व दुसऱ्यांत सदोष.