रिकामी जहाजे आणि निवांत समुद्र : क्रूझच्या जन्माची गोष्ट

१/
क्रूझच्या वेळापत्रकात काही तारखांपुढे कोणत्याही बंदराचे नाव नसते. तेथे नुसते ‘समुद्रावर’ असे लिहिलेले असते. त्या दिवशी कोठे उतरायचे नसते, काही पाहायचे नसते. डेकवरची आरामखुर्ची, मांडीवर उघडे पुस्तक आणि चहूकडे पाणी. कित्येक प्रवासी खरे तर याच दिवसासाठी पैसे मोजतात. #धागा #इतिहास

२/
माणसाच्या सागरी इतिहासात असा दिवस अगदी अलीकडचा आहे. हजारो वर्षे समुद्रावरचा दिवस म्हणजे सोसण्याचा दिवस होता. पैलतीर गाठायचा म्हणून मधले पाणी पार करायचे, एवढाच त्याचा अर्थ. मग त्याच पाण्यावर स्वस्थ पडून राहणे ही चैन केव्हा झाली? धागा थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

३/
आरंभ टपालापासून करावा लागतो. १८४४ साली ‘पी अँड ओ’ या ब्रिटिश कंपनीने आपल्या टपालबोटींवरून भूमध्य समुद्राच्या सहली काढल्या. प्रसिद्धी व्हावी म्हणून कोलकात्यात जन्मलेल्या थॅकरे या इंग्रज लेखकाला फुकट नेले. त्याचे प्रवासवर्णन १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. पण बोटी मुळात टपालाच्या. वाटेत त्या बदलाव्या लागत. सहल ही टपालाच्या पाठीवर बसून चाललेली होती.

४/
पुढे १८६७ मध्ये न्यूयॉर्कहून ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट केवळ सहलीसाठी निघाली. पाच महिन्यांहून अधिक काळ ती युरोप आणि पवित्र भूमीच्या बंदरांतून फिरली. तरुण मार्क ट्वेन तिच्यावर होता. १८६९ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाने ती अजरामर केली. तरीही प्रवाशांचे लक्ष देवळांकडे, भग्नावशेषांकडे होते. समुद्र होता तो दोन स्थळांमधले अंतर म्हणून.

५/
या अंतराचा माल बनवणारा माणूस हॅम्बुर्गचा. आल्बर्ट बालिन, जन्म १८५७, ज्यू कुटुंब. अमेरिकेला निघालेल्या स्थलांतरितांची तिकिटे विकणे हा वडिलांचा धंदा. ते वारले आणि अवघ्या विशीच्या आत बालिनने तो हाती घेतला. १८८६ मध्ये ‘हापाग’ या मोठ्या जहाज कंपनीने आपला प्रवासी विभागच त्याच्या स्वाधीन केला.

६/
कंपनीची एक डोकेदुखी होती. अटलांटिक ओलांडणारी जहाजे भारी किमतीची. पण हिवाळ्यात तो महासागर खवळलेला, म्हणून सधन प्रवासी फिरकत नसत. जहाज धक्क्याला बांधून ठेवले तरी व्याज, देखभाल आणि पगार चालूच राहतात. रिकामे जहाज मालकाला खाते म्हणतात ते यासाठी. बालिनने विचार केला : हिवाळ्यात प्रवासी उत्तरेकडे येत नसतील, तर जहाजच दक्षिणेच्या उन्हात नेऊ.

७/
२२ जानेवारी १८९१. ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे अटलांटिकचे वेगवान जहाज कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघाले. २४१ प्रवासी, सुमारे दोन महिन्यांचा फेरा. स्वतः बालिनही सोबत. याआधी १८८९ मध्ये इंग्लंडच्या ‘ओरिएंट लाइन’ने नॉर्वेच्या सहली काढल्या होत्या, त्यामुळे ‘पहिली क्रूझ कोणती’ हा वाद रंगतो. ऐश्वर्यशाली क्रूझचा साचा मात्र या जर्मन सफरीने पाडला, असे सामान्यतः मानतात.

८/
आता दोन बंदरांमधले दिवस भरायला हवे होते. ती रीत अटलांटिकच्या जहाजांवर घडतच होती. डेकवर आरामखुर्च्या भाड्याने मिळत, पायांवर घोंगडी, सकाळी अकराच्या सुमारास गरम सूप. भर दुपारी जहाजाने चोवीस तासांत कापलेले मैल फलकावर लागत आणि त्या आकड्यावर पैजा लागत. वेळ घालवण्याची ही साधने होती. क्रूझवर वेळ हाच मुख्य माल झाला.

९/
पुढचे पाऊल १९०० साली पडले. निव्वळ क्रूझसाठी बांधलेले पहिले जहाज म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ हॅम्बुर्गला पाण्यात उतरले. त्यावर माल नाही, स्थलांतरित नाहीत. सगळ्या १२० खोल्या पहिल्या वर्गाच्या. ग्रंथालय, व्यायामशाळा आणि हौशी छायाचित्रकारांसाठी अंधारखोलीसुद्धा. जहाज कोठे जाते यापेक्षा जहाजावर काय आहे, याला येथून महत्त्व आले.

१०/
त्याचा शेत दुःखद म्हणावा तर शेवटही तसाच झाला. डिसेंबर १९०६ मध्ये दीपगृह ओळखण्यात चूक झाली आणि ते जमैकाच्या किनाऱ्यावर खडकांत रुतले. सारे प्रवासी वाचले. कप्तानाने स्वतःला गोळी घालून घेतली. आनंदासाठी निघालेल्या जहाजावरही समुद्र हा समुद्रच असतो, आणि त्याचा हिशेब कोणीतरी चुकता करतो.

११/
हिशेब चुकता करणारे बहुतेकदा खाली असत. डेकवर सूप येई, तेव्हा तळाच्या भट्ट्यांत माणसे फावड्याने कोळसा टाकत. चार तास काम, आठ तास विश्रांती अशा पाळ्या रात्रंदिवस फिरत. समुद्रावरच्या दिवशी तर भट्टीला क्षणाचीही उसंत नसे. बंदरात जहाज थांबते तरी. खुल्या समुद्रात इंजिन थांबणे शक्यच नसते.

१२/
ब्रिटिश आगबोटींवर ही माणसे पुष्कळदा आपल्याकडची असत. ‘पी अँड ओ’च्या बोटींवर डेक सांभाळायला काठेवाड आणि रत्नागिरीकडचे खलाशी, इंजिनखान्यात पंजाब-सरहद्दीकडचे लोक, आणि भोजनगृहात गोव्याचे ख्रिस्ती वाढपी. डेक आणि इंजिनखान्याच्या तुकड्यांवर त्यांच्यातलाच एकेक सारंग. त्यांचे करारनामे वेगळे, आणि वेतन त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाहून बरेच कमी.

१३/
गोव्याच्या या बोटीवाल्यांचा मुंबईतला आधार म्हणजे ‘कूड’. धोबी तलावाच्या परिसरात गावोगावचे हे निवासी क्लब होते. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत तेथे पेटी ठेवायची, गावच्या माणसांत जेवायचे, संध्याकाळी एकत्र प्रार्थना करायची. प्रवाशाची विश्रांती समुद्रावर होती. या माणसांची विश्रांती मात्र जमिनीवरच्या एका दाटीच्या खोलीत होती.

१४/
पहिल्या महायुद्धाने बालिनचे सारे उद्ध्वस्त केले. कैसरच्या परिचयातला हा माणूस ब्रिटनशी तडजोड व्हावी म्हणून झटला होता. ते साधले नाही. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी, कैसरच्या पदत्यागाची घोषणा झाली त्याच दिवशी, झोपेच्या औषधाच्या अतिमात्रेने त्याचा मृत्यू झाला. त्याने उभारलेला ताफाही लवकरच विजेत्यांच्या हाती गेला.

१५/
त्यानंतर जहाजे दुसऱ्यांदा रिकामी झाली. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने स्थलांतरितांवर कोटा लादला. जहाज कंपन्यांचे पोट ज्या स्वस्त तिसऱ्या वर्गावर चाले तोच ओस पडला. मग त्या जागा साफसूफ करून, रंगरंगोटी करून शिक्षक, विद्यार्थी अशा बेताच्या ऐपतीच्या पर्यटकांना देण्यात आल्या. मध्यमवर्गाला समुद्रावरची सुटी परवडू लागली ती अशी.

१६/
त्याच काळात अमेरिकेत दारूबंदी होती, १९२० ते १९३३. ती अमेरिकन जहाजांनाही लागू झाली. तेव्हा ‘रिलायन्स’ आणि ‘रेझोल्यूट’ या दोन जहाजांवर पनामाचा झेंडा चढला, आणि मद्यपानगृह पुन्हा उघडले. गंमत म्हणजे ही दोन्ही जहाजे मुळात बालिनच्या हापागसाठी बांधायला घेतलेली होती. मालक एका देशाचा आणि झेंडा दुसऱ्याचा, ही प्रथा मग मद्यापुरती राहिली नाही. कर आणि कामगार कायदेही तिने मागे टाकले.

१७/
सुटीचे राजकारणही झाले. मे १९३३ मध्ये नाझींनी कामगार संघटना मोडल्या आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘आनंदातून शक्ती’ अशा अर्थाची सहल-संघटना काढली. संपाचा हक्क गेला, सागरी सहल आली. १९३७ साली पाण्यात उतरलेल्या ‘विल्हेल्म गुस्टलोफ’वर सर्व प्रवाशांना एकच वर्ग होता. ज्यूंना मात्र तेथे जागा नव्हती, त्या उद्योगाचा पाया एका ज्यू माणसाने घातला असूनही.

१८/
हेच जहाज ३० जानेवारी १९४५ रोजी बाल्टिक समुद्रात सोव्हिएत पाणबुडीने बुडवले. त्या रात्री ते निर्वासितांनी खच्चून भरलेले होते. मृतांचे अंदाज नऊ हजारांच्या वर जातात. एका जहाजावर इतके बळी गेल्याची दुसरी नोंद सागरी इतिहासात नाही. आणि हे जहाज बांधले होते ते सुटी घालवण्यासाठी.

१९/
तिसरा रिकामेपणा आकाशातून आला. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली. पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला आणि ‘पैलतीर गाठणे’ हे जहाजाचे काम संपले. उरले ते बालिनने १८९१ मध्ये हेरलेले दुसरे काम. १९६६ च्या डिसेंबरात मायामीहून ‘सनवर्ड’ जहाजाच्या नियमित सफरी सुरू झाल्या. आजचा कॅरिबियन क्रूझ-व्यवसाय तेथून वाढला.

२०/
या स्थित्यंतराची सारी कथा एकाच जहाजात वाचता येते. ‘फ्रान्स’ : १९६२ मध्ये सेवेत, सुमारे ३१६ मीटर लांब, त्या काळचे जगातील सर्वांत लांब प्रवासी जहाज. तासाला तीस सागरी मैलांचा वेग हा त्याचा अभिमान. १९७४ मध्ये सरकारने अनुदान थांबवले आणि ते धक्क्याला लागले. पुढे एका नॉर्वेजियन मालकाने ते विकत घेतले आणि १९८० साली ते ‘नॉर्वे’ या नावाने क्रूझला लागले.

२१/
त्यासाठी त्यात एक बदल केला गेला : चारपैकी दोन पंखे काढून टाकले. क्रूझच्या प्रवाशाला कोठेच वेळेवर पोहोचायचे नव्हते. मग इंधन जाळून धावायचे कशाला? शंभर वर्षे जहाजबांधणीने वेगाचा ध्यास घेतला होता. आता गिऱ्हाईक संथपणाचे पैसे देत होते.

२२/
२५ मे २००३ रोजी सकाळी हे जहाज मायामीच्या धक्क्याला असताना त्याच्या बाष्पकात स्फोट झाला. आठ कर्मचारी गेले. प्रवाशांपैकी कोणाचाही जीव गेला नाही. २००६ मध्ये ‘ब्लू लेडी’ हे नाव घेऊन ते गुजरातेत अलंगला आले. त्यातील ॲस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, २००७ मध्ये परवानगी मिळाली, आणि एकेकाळचा फ्रान्सचा अभिमान आपल्याकडच्या मजुरांनी पत्रा-पत्रा सुटा केला.

२३/
फेब्रुवारी २०२०. योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ विलगीकरणात अडकले. २,६६६ प्रवासी, १,०४५ कर्मचारी. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद. कर्मचारी मात्र दारोदार जेवण पोहोचवत होते आणि रात्री सामायिक खोल्यांत झोपत होते. जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांत प्रवासी सहा, कर्मचारी १३२. सारंगांच्या काळातले प्रमाण शतकानंतरही फारसे हलले नव्हते.

२४/
काही बदलले नाही असे मात्र नाही. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला. त्यानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायलाच हवी. भारतानेही तो स्वीकारला आहे. समुद्रावर काम करणाऱ्याची विश्रांती आता तासांत मोजलेला कायदेशीर हक्क आहे.

२५/
आता मुंबईहूनही क्रूझ निघतात. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ने गोव्याची वाट धरली होती. अशा बोटीवर ‘समुद्रावर’ लिहिलेला दिवस आला तर तो जरूर उपभोगावा. तो मोठ्या खटपटीने घडवलेला आहे. हिवाळा, कोटा आणि जेट यांनी तीनदा रिकाम्या केलेल्या जहाजांतून तो आला, आणि आजही तो कोणाच्या तरी पाळीवर उभा आहे. सकाळचा चहा आणून देणाऱ्याला त्याची पाळी कधी संपते, एवढे विचारून पाहावे.

धागा समाप्त. घरात कोणी बोटीवर नोकरीला होते का? असल्यास त्यांच्या आठवणी खाली अवश्य लिहाव्यात.