धुराची वसुली

बुडीत खात्यातून वसुली होते यावर आम्हां बँकवाल्यांचा विश्वास कमीच. पण आल्फ्रेड ब्यूखी या स्विस गृहस्थांनी १९०५ साली इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुराकडूनच वसुली करण्याचे पेटंट घेतले. धुराने एक चाक फिरवायचे आणि त्याच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबायची. याचेच पुढे नाव टर्बो! १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायरला तो बसला. तिला पेट्रोलखेरीज पाणी-मिथेनॉलही पाजावे लागे. मालक विसरत. १९६३नंतर ती निघालीच नाही.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना आपली जुनी मारुती ८०० एस.टी.ला वाट देते, हे आमच्या भाच्याच्या फार जिव्हारी लागलेले.

"मामा, घरीच टर्बो बसवतो. सुझुकीने १९८७ साली आल्टो वर्क्सच्या ५४३ सीसीतून ६४ अश्वशक्ती काढली. माझे तर ७९६ सीसी!"

"अरे, त्यांनी इंजिनच त्या बेताने बनवलं होतं. तुझे पिस्टन जादा दाब सोसतील का? आणि मूळ रचनेत फेरफार नको म्हणणारं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२?"

मी वही काढून हिशेब मांडला. खर्चाला पानभर रकमा. जमेला एकच नोंद: एस.टी. मागे टाकल्याचे समाधान.

भाच्याने खर्चाचे पान परत दिले. जमेचे तेवढे खिशात घातले.