पायलीची शीग आणि तराजूचा काटा

कौंडण्यपूर म्हटले की वर्धेचा काठ आठवतो, रुक्मिणीचे माहेर आठवते, पंढरपूरला जाणारी पालखी आठवते. आज मात्र मी तुम्हांला देवळात नेत नाही. तिथल्याच एखाद्या जुन्या घरात, कणगीपाशी चला. कोपऱ्यात पायली पालथी पडलेली दिसेल. तिच्याविषयी थोडे बोलू.

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. पण लाभ कुणाचा? माप भरले की वर धान्याची शीग चढते. देणारा हात फिरवून ती सपाट करी, घेणारा म्हणे, शिगोशीग भरा! ही शीग म्हणजे संस्कृतातली शिखा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातदेखील ती आहे. माप वाळलेल्या, टणक लाकडाचे असावे आणि शीग चौथ्या हिश्शाची धरावी, असे तिथे सांगितले आहे. आपला कुडवही तिथलाच. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक. म्हणजे भांडण किती जुने आहे, बघा!

पुढे गोंधळ वाढला तो नावांमुळे. चार शेरांची पायली, इतके सगळे सांगत. पण मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा. शेर तर मापीही होता आणि वजनीही. सरकारी वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापी शेरात काय भरले त्यावर वजन ठरे. कापूस मापात कोण मोजणार? तो वजनावरच जाई. पण सालदाराची जवारी, बलुतेदाराचे बलुते मापाने मिळे, आणि द्यायची पायली वेगळी, घ्यायची वेगळी, ही तक्रार गावोगावी होती. ज्याच्या घरी तराजू नाही, त्याने ती सिद्ध कशी करावी?

१९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला आणि १९६२ च्या एप्रिलपासून वजनासाठी तोच सक्तीचा झाला. मण गेला, त्याचे सदतीस किलो आणि वर सुमारे तीनशे ग्रॅम झाले. म्हाताऱ्या माणसांना हिशेब जड गेला, यात नवल नाही. पायली मात्र घरात राहिली.

गुरुजी, ही पायली एकदा वर्गात आणाच. प्रथम ती रिकामी तोला. मग काठोकाठ पाणी भरून तोला. पाण्याचे जितके किलो, तितके लिटर माप. आता कोरडी करून तांदूळ भरा, सपाट करा, तोला. लिटरला साधारण आठशे ग्रॅम तांदूळ भरेल. जवारी थोडी कमी भरेल आणि धान, टरफलामुळे, सहाशेच्या आतबाहेर. मग मुलांना सांगा, तेच माप जमिनीवर दोनदा आपटा. तांदूळ खाली बसेल, वर जागा होईल, आणखी मूठभर मावेल. शेवटी शीग चढवा आणि ती शीग तेवढी वेगळी तोला. तो आकडा फळ्यावर लिहा, आणि वर्षभर मापाने मजुरी घेणाऱ्या घराचे त्यात काय गेले असेल, याचे गणित मुलांनाच करू द्या.